तोंडाला बूच, घशात गुरगुर

गेल्या महिन्यात या पानावर मी १९२० ते १९४० च्या अमेरिकन बिग बँडच्या, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांच्या, रेकॉर्डवर लिहिलं. त्यात म्यूट, म्हणजे आवाज बदलण्यासाठी तोंडात बसवायचं बूच, लावलेल्या ट्रंपेटचा एक ओझरता उल्लेख होता. पत्रं येतील ती बँडबद्दल, असं वाटलं होतं. आली ती बहुतेक म्यूटबद्दल. मला आनंदच झाला. जन्मभर हे वाद्य वाजवून पोट भरलं, पण वरातीत घोड्यापुढे चालताना किंवा स्टुडिओत शेवटच्या रांगेत बसलो असताना कुणी म्यूटबद्दल कधी विचारलं नव्हतं. तेव्हा आज तेवढीच पत्रं घेतो. ज्यांनी फक्त "आमच्याकडच्या जुन्या रेकॉर्डला काय भाव येईल?" एवढंच विचारलंय, त्यांनी चोरबाजार गाठावा. भावात मला रस नाही.

प्रश्न: वडील गेल्यावर माळ्यावर रेकॉर्डची पेटी सापडली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई, आणि त्यांच्यात एक इंग्रजी रेकॉर्ड: ड्यूक एलिंग्टन, 'क्रिओल लव्ह कॉल'. लावली तर एक बाई शब्दांशिवाय गाते, आणि मग कुणीतरी चक्क गुरगुरतं. बायको म्हणते रेकॉर्ड खराब झालीय. मुलगा म्हणतो तो ट्रंपेट आहे. कोण बरोबर? आणि आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकणाऱ्या आमच्या दादांनी ही कशासाठी घेतली असेल? (दादरचे एक वाचक)

उत्तर: मुलगा बरोबर. वहिनींना सांगा की रेकॉर्ड ठणठणीत आहे, त्या माणसाला तस्संच वाजवायचं होतं.

एलिंग्टन हा अमेरिकन जॅझ बँडचा नायक आणि संगीतकार. ही रेकॉर्ड ऑक्टोबर १९२७ ची, व्हिक्टर कंपनीने केलेली. बाईंचं नाव ॲडलेड हॉल. गुरगुरणारा ट्रंपेट बबर माइलीचा. पुन्हा लावाल तेव्हा क्रम लक्षात ठेवून ऐका. सुरुवातीला क्लॅरिनेटं मिळून चाल धरतात आणि त्यांच्या मधल्या जागांतून बाई शिरते. मग माइली येतो. मग एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा, मग बँड, आणि अखेरीस बाई परत येते. या अखेरच्या फेरीला कान द्या. आता तीच घसा खरवडून गुरगुरते. सुरुवातीला ट्रंपेट माणसासारखा बोलत होता, आता माणूस ट्रंपेटसारखं बोलतो. तीन मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये एलिंग्टनने एवढं बसवलंय.

माइली नेमकं काय करायचा ते सांगतो. ट्रंपेटच्या पुढच्या पसरट भागाला आम्ही बेल म्हणतो. त्या बेलमध्ये आधी एक आखूड, बारीक म्यूट आत खोल बसवायचा. त्याला पिक्सी म्हणतात. त्यावर डाव्या हातात रबराची वाटी धरायची. ही वाटी म्हणजे बेसिन तुंबलं की लाकडी दांडा धरून आपण जे रबर दाबतो तेच, फक्त दांडा काढलेलं. वाटी बेलवर दाबली की आवाज कोंडतो, उचलली की सुटतो. आणि या दोन्हींच्या मधे जितक्या जागा तितकी अक्षरं. म्हणून तो सूर "वा... या..." असा बोलल्यासारखा वाटतो. तिसरी गोष्ट घशात. फुंकत असतानाच घशातून आवाज काढायचा, गुळण्या करताना निघतो तसा. ओठांचा सूर आणि घशाचा आवाज एकमेकांवर आदळतात, आणि सूर फाटून बाहेर पडतो. हीच ती गुरगुर.

बघायला सोपं वाटतं. एरवी ट्रंपेटचं वजन डावा हात पेलतो. तो वाटीत गुंतला की सगळा भार उजव्यावर. अंगठा व्हॉल्व्हच्या नळ्यांना खालून टेकवायचा, करंगळी वरच्या आकड्यात अडकवायची आणि उरलेल्या तीन बोटांनी सूर काढायचे. थोड्याच वेळात मनगट बोंब मारायला लागतं. त्यात म्यूटमुळे सूर चढतो तो वेगळाच. त्यासाठी ट्यूनिंगची नळी आधीच थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते. एवढं सगळं सांभाळून वर लयीत खट्याळपणा करायचा. माइली हे करायचा तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

हे त्याने शिकागोत किंग ऑलिव्हर या बँडवाल्याला ऐकून उचललं. ऑलिव्हर म्यूटने कॉर्नेट (ट्रंपेटचं आखूड भावंड) बोलता करायचा, माइलीने त्यात घसा घातला. एलिंग्टनच्याच बँडमध्ये ट्रॉम्बोनवर जो नॅन्टन होता, त्याने तीच विद्या ट्रॉम्बोनवर चढवली. या दोघांमुळे एलिंग्टनचा बँड इतर नाचाच्या बँडपेक्षा वेगळा वाजू लागला. माझं स्पष्ट मत आहे: १९२६ ते १९२९ या काळातला एलिंग्टन म्हणजे निम्मा माइली. 'ईस्ट सेंट लुइस टूडल-ऊ' आणि 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' या दोन्ही रचनांवर एलिंग्टनच्या जोडीने त्याचं नाव आहे, ते उगाच नाही. १९२९ मध्ये माइली बँडमधून गेला आणि १९३२ मध्ये क्षयाने वारला. वय एकोणतीस. त्याच्या जागी कूटी विल्यम्स आला. नॅन्टनची गुरगुर पहिल्यांदा ऐकून त्याला हसू फुटलं होतं. पुढे न सांगता त्यानेच ती आत्मसात केली. मार्च १९४० मध्ये एलिंग्टनने 'कन्चर्टो फॉर कूटी' रेकॉर्ड केली. एकाच माणसाचा कोंडलेला आवाज, गुरगुर आणि मधेच मोकळा सोडलेला ट्रंपेट, सगळं तिच्यात आहे. ती जरूर मिळवा.

आता दादांचा प्रश्न. त्यांनी ती का घेतली हे तेच जाणोत, पण या रेकॉर्डचं मुंबईशी एक नातं आहे, ते तुम्हाला ठाऊक नसणार. माइलीनंतर जो एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा येतो, तो रूडी जॅक्सनचा. ही चाल एलिंग्टनकडे आणली ती याच जॅक्सनने, स्वतःची म्हणून. ती निघाली किंग ऑलिव्हरच्या १९२३ सालच्या 'कॅम्प मीटिंग ब्लूज'मधली. ऑलिव्हरने तक्रार केली, भांडण झालं आणि थोड्याच दिवसांत जॅक्सनच्या खुर्चीवर बार्नी बिगार्ड आला. पुढे जॅक्सन लिऑन ॲबी नावाच्या व्हायोलिनवाल्याच्या बँडमध्ये शिरला, आणि तो बँड १९३५ मध्ये आला कुठे? अपोलो बंदरावर, ताजमहाल हॉटेलात! बँड परत गेला तरी जॅक्सन इकडेच रमला. पुढे कित्येक वर्षं तो हिंदुस्थानात आणि सिलोनमध्ये वाजवत होता. म्हणजे तुमच्या पेटीतल्या रेकॉर्डवर जो वाजवतोय, तो १९३० च्या दशकात चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर रोज रात्री वाजवत होता.

नाट्यसंगीतवाल्याने ही का घ्यावी याचं मला तरी नवल वाटत नाही. बालगंधर्व ऐकून तयार झालेला कान स्वराच्या पोटात काय चाललंय ते बघतो. माइलीकडे तेच आहे.

प्रश्न: काका, मी बारावीत आहे आणि ट्रंपेट शिकतेय. सोसायटीत रियाज केला की वरच्या मजल्यावरून फोन येतो. म्यूट घ्यायचा आहे, पण दुकानात पाच प्रकार दाखवले. कुठला घेऊ? (ठाण्याची एक वाचक)

उत्तर: शेजाऱ्यांसाठी हवा असेल तर प्रॅक्टिस म्यूट. तो आवाज जवळजवळ गिळतो. पण सगळा रियाज त्यातच करू नकोस. श्वासाला अडथळ्याची सवय लागते आणि म्यूट काढला की सूर सैरभैर होतात. आठवड्यातून दोनदा तरी मैदान, गच्ची, चर्चचा हॉल, मिळेल तिथे मोकळं वाजव.

संगीतासाठी पहिला घ्यायचा तो स्ट्रेट. शंकूच्या आकाराचा, बाजूला बुचाच्या तीन पट्ट्या. या पट्ट्यांच्या मधून हवा निसटते. दुसरा कप, त्याच्या पुढे वाटीसारखा कडा असतो, आवाज मऊ होतो. मोठ्या बँडमध्ये तीन-चार ट्रंपेट एकत्र कप लावून वाजले की गायिकेच्या मागे फार सुरेख लागतात. हार्मनला मात्र सगळीकडून बूच असतं, सगळी हवा म्यूटच्या पोटातून जाते, आणि मधे एक नळी असते ती काढता-घालता येते. तो नंतर घे.

दोन गोष्टी कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. म्यूट बसवण्याआधी बेलमध्ये तोंडाने गरम वाफ सोड आणि मग म्यूट किंचित फिरवून घट्ट कर. नाहीतर ऐन कार्यक्रमात तो स्टेजवर पडतो, गडगडत पहिल्या रांगेपर्यंत जातो आणि लोक त्यालाच टाळ्या देतात. दुसरी गोष्ट, स्ट्रेट लावला की सूर चढतो, म्हणून ट्यूनरवर बघून नळी ओढून घे. ही अडचण आजची नाही. १६०७ साली मॉन्तेव्हेर्दीने 'ऑर्फेओ' या ऑपेराच्या सुरुवातीला ट्रंपेट म्यूट लावून वाजवायला सांगितलेत, आणि तेव्हाच्या म्यूटने सूर पूर्ण एक स्वर वर जायचा. बाकीच्या वाद्यांना त्या हिशेबाने वर सरकावं लागायचं.

रबराची वाटी? ती वाद्यांच्या दुकानात महाग मिळते. हार्डवेअरच्या दुकानात बेसिनचं रबर घे, कमोडचं नव्हे, ते ट्रॉम्बोनवाल्यांचं माप. ट्रंपेटची बेल साधारण पाच इंचांची असते, त्यावर बसेल असं बघ. दांडा पिळून काढ. आणि कृपा करून नवीनच घे. नोटेशनमध्ये सुरावर + दिसलं तर वाटी बंद, ० दिसलं तर उघडी. घशाची गुरगुर मात्र आत्ता नको. आधी मोकळा सूर पाण्यासारखा सरळ निघू दे.

प्रश्न: किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँगला रेकॉर्डिंगच्या वेळी लांब उभं केलं होतं, ही गोष्ट खरी की रचलेली? (कल्याणचे एक वाचक)

उत्तर: त्याच बँडची पियानोवाली लिल हार्डिन, जिने पुढे आर्मस्ट्राँगशी लग्न केलं, ती स्वतः हे सांगत असे. एप्रिल १९२३, इंडियानातलं रिचमंड गाव, जेनेट कंपनीचा स्टुडिओ. मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठं धातूचं तोंड बाहेर आलेलं, त्याच्यासमोर सगळ्यांनी गर्दी करायची, आणि जेवढा आवाज तेवढ्याच जोराने मागची सुई मेणात चर पाडणार. कोण जवळ, कोण लांब, हेच तेव्हाचं मिक्सिंग. दोन कॉर्नेटपैकी धाकट्याचा, म्हणजे आर्मस्ट्राँगचा, आवाज ऑलिव्हरवर चढत होता, म्हणून तो मागे गेला. बेस ड्रमला तर बंदीच, सुई उडायची. स्टुडिओला लागून रेल्वेचे रूळ होते. गाडी आली की काम थांबायचं. ज्याने लालबागला किंवा मस्जिदला गाडीच्या आवाजात टेक दिलाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या वेळच्या 'डिपरमाउथ ब्लूज'मध्ये ऑलिव्हरचा म्यूट लावलेला तुकडा आहे. पुढे अमेरिकेतल्या प्रत्येक ट्रंपेटवाल्याने तो पाठ केला. १९२५ मध्ये हेच गाणं फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या बँडने 'शुगर फूट स्टॉम्प' म्हणून केलं, डॉन रेडमनने बँडसाठी लिहून दिलं, आणि तो तुकडा वाजवायला होता स्वतः आर्मस्ट्राँग. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात सगळे एकमेकांच्या अंगावर पडत वाजवतात. दुसऱ्यात प्रत्येकाला आपली ओळ लिहून दिलेली आहे आणि तो तुकडा त्यात कोनाड्यात देव ठेवावा तसा ठेवलाय. बिग बँड इथेच जन्मतो, असं मी मानतो.

प्रश्न: इंटरनेटवर याच जुन्या रेकॉर्ड "साफ करून" टाकलेल्या असतात. खरखर नाही, तरी ऐकायला मजा येत नाही. माझ्या जुन्या खरखरीत रेकॉर्डवर ट्रंपेट जास्त जिवंत वाटतो. हा माझ्या वयाचा दोष आहे का? (विलेपार्ल्याचे एक वाचक)

उत्तर: तुमचे कान शाबूत आहेत. आजच्या सगळ्या पत्रांत मला हेच पत्र सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

म्यूट म्हणजे आवाज कमी करायचं बूच, असा सर्वसाधारण समज. आवाज कमी होतो हे खरं, पण कुठला? स्ट्रेट किंवा पिक्सी खालचा, गोलाईचा भाग अडवतो आणि वरचा, धातूचा, करकरणारा भाग जाऊ देतो. त्या वरच्या भागातच माइलीचं बोलणं आहे. आता तोंडात शिट्टी धरल्यासारखी बारीक 'स्स' आणि 'झ्झ' अशी जी धार त्याच्या सुराला असते, तिचं घर साधारण सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांच्या वर आहे.

१९२५ पर्यंत भोंग्यातून जे रेकॉर्डिंग व्हायचं, त्यात सुमारे अडीच हजार कंपनांच्या वरचं जवळजवळ काही येतच नसे. म्हणून ऑलिव्हरचा म्यूट आपण ऐकतो तो अर्धवट. सुराचा आकार कळतो, कातडी कळत नाही. १९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबियाने वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवरची पद्धत घेतली, मायक्रोफोन आला, आणि मर्यादा पाच हजारांपर्यंत सरकली. दोन वर्षांनी माइली त्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला. त्याचं नशीब म्हणा नाहीतर आपलं. हीच रेकॉर्ड पाच वर्षं आधी केली असती तर त्याची गुरगुर मेणात पुरती उतरलीच नसती.

आता लाखेच्या रेकॉर्डची खरखर. त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते, पोलादी सुईपुढे टिकाव धरता यावा म्हणून. त्या पुडीवरून सुई जाताना जी 'श्श्श' निघते, तिचाही मुक्काम नेमका त्याच वरच्या मजल्यावर. साफ करणारा वरचा मजला रिकामा करतो, आणि खरखरीबरोबर म्यूटही घराबाहेर जातो. उरतो तो कांबळं पांघरून बोलणारा कुणीतरी. चांगले जाणकार हे हळुवार करतात, थोडी 'श्श' ठेवून देतात. पण "स्फटिकासारखा स्वच्छ" असं लिहिलेलं दिसलं की मी पुढे जातो.

पडताळून बघायचं असेल तर 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' घ्या. एलिंग्टनने ती १९२७ या एकाच वर्षात तीन कंपन्यांसाठी वाजवली: एप्रिलमध्ये ब्रन्सविक, ऑक्टोबरमध्ये व्हिक्टर, नोव्हेंबरमध्ये ओके. पहिल्या दोन्हींत माइली आहे. तिसऱ्या वेळी तो आला नाही, त्याच्या जागी जॅबो स्मिथला उभं केलं. स्मिथ तालेवार वाजवणारा, बोटं माइलीपेक्षा चपळ. साफ केलेल्या प्रतींवर या दोघांत फारसा फरक जाणवत नाही. खरखरीच्या प्रतींवर पहिल्या चार सुरांतच कळतं की माणूस बदलला. (शेवटी शोपॅं या संगीतकाराच्या अंत्ययात्रेच्या धुनेचा तुकडा येतो, तो ऐकून दचकू नका, तो मुद्दाम घातलाय.)

दुसरी परीक्षा 'मूड इंडिगो', १९३०. इथे गंमत अशी की ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन, दोघंही म्यूट लावून वर, आणि क्लॅरिनेट त्यांच्या खाली, अगदी तळाच्या सुरांत. रिवाजाप्रमाणे उलट असायला हवं. या तिघांच्या मधे चौथा सूर असल्यासारखा भास होतो. तुमच्या खरखरीत प्रतीवर तो भास होत असेल तर ती प्रत कुणालाही देऊ नका.

प्रश्न: ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा तो सुप्रसिद्ध पातळ आवाज म्हणजे हाच म्यूट का? (पुण्याचे एक वाचक)

उत्तर: हार्मन, मधली नळी काढलेला, आणि मायक्रोफोनच्या जवळजवळ आत घातलेला. १९५० च्या दशकातली गोष्ट. नळी ठेवून तिच्यावर हाताची उघडझाप केली की 'वा-वा', काढली की ही कुजबुज. माइली बोलायचा, डेव्हिस विचार करताना ऐकू येतो. मला दोन्ही हवेत, पण बुडत्या गलबतावरून एकच उचलायचा झाला तर माइली.

प्रश्न: सी. रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे. त्यांच्या गाण्यांत हा इंग्रजी बँड कुठून शिरला? (गिरगावच्या एक वाचक)

उत्तर: गोव्यातून आणि कुलाब्यातून. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच नोटेशन शिकवायचे. ती मुलं मोठी झाली की मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे त्यांच्या त्यांच्या गावाच्या मंडळांच्या खोल्यांत, पथारी टाकायची आणि बँडमध्ये काम बघायची. मी ज्यांच्याकडे शिकलो ते मास्तर असेच एका कुडात राहायचे. खाटेखाली ट्रंकेत दोन शर्ट, एक कोट आणि चार म्यूट. कोटाआधी म्यूटला तेलाचं फडकं लागायचं.

हॉटेलांत त्यांना प्रत्यक्ष अमेरिकन लोकांशेजारी बसायला मिळालं. लिऑन ॲबीचा उल्लेख वर झालाच. त्याच्यामागोमाग ताजमध्ये क्रिकेट स्मिथ आला. हा नावाने क्रिकेट, कामाने ट्रंपेटवाला. जेम्स रीस युरोप नावाच्या अमेरिकन बँडवाल्याच्या वाद्यवृंदाने १९१३ मध्ये व्हिक्टरसाठी ज्या रेकॉर्ड केल्या, त्यांत याचं कॉर्नेट आहे; म्हणजे जॅझच्या पहिल्या रेकॉर्डपेक्षाही चार वर्षं आधी. असा माणूस १९३६ मध्ये मुंबईत राहत होता, इथे रेकॉर्डही करून गेला. त्याच्या जोडीला पियानोवर टेडी वेदरफर्ड, जो शेवटी १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. आपल्या गोव्याच्या पोरांना घरबसल्या असे गुरू मिळाले.

त्यांतून जो सर्वांत चमकला तो अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग. रुमाल, घामेजलेला चेहरा, खरखरीत आवाज, सगळी ऐट उचललेली. पण सूर त्याचा स्वतःचा, आणि भक्कम. सी. रामचंद्रांनी त्याला जवळ केलं. 'समाधी'मधलं 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' १९५० चं, 'अलबेला' १९५१ चा. 'अलबेला'त भगवानदादांच्या मागे चिक आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो, नीट बघा. त्याच सुमारास मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले बँड आटले आणि हे सगळे वादक ताडदेव-दादरच्या स्टुडिओंकडे वळले. सरकारने दारू बंद केली आणि हिंदी सिनेमाला ट्रंपेट मिळाला, असा हा सौदा. चिक १९६७ मध्ये गेला.

रामचंद्रांबद्दल एक सांगतो. पुष्कळ संगीतकारांनी ट्रंपेट घेतला तो गोंगाटासाठी. ते मात्र गाण्याच्या ओळींमधल्या जागेत ट्रंपेटला बोलायला लावायचे, क्लॅरिनेटांच्या मधल्या जागांतून ॲडलेड हॉल शिरते ना, त्या हिशेबाने. त्यांनी ती रेकॉर्ड ऐकली होती का हा प्रश्नच गौण. ज्यांनी त्यांच्यासाठी वाजवलं त्यांच्या शेजारी रूडी जॅक्सनच्या पिढीचे लोक बसले होते.

प्रश्न: पावसाळ्यात रेकॉर्डवर पांढरी बुरशी येते. स्पिरिटने पुसू का? आणि चावीच्या ग्रामोफोनची सुई किती दिवस चालते? (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर: स्पिरिट लावलंत तर रेकॉर्ड गेलीच म्हणून समजा. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या, रेकॉर्ड लाखेच्या. सुतार चपडा पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. तुमच्या रेकॉर्डचंही तेच होईल. लाख बरीचशी आपल्याच छोटा नागपुराकडची, तिथून अमेरिकेला जायची आणि कधीकधी एलिंग्टन होऊन परत यायची. साधं कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, चरांच्या दिशेने गोल. लेबलला पाणी लागू देऊ नका. पुसून उभ्या वाळवा, पंख्याखाली, उन्हात नको. उन्हात त्या पापडासारख्या वाकतात. मग कागदी पाकिटात, उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका.

चोरबाजारात पितळी भोंग्याचे चकचकीत ग्रामोफोन मिळतात, कुत्र्याचं चित्र चिकटवलेले. त्यांतले बहुतेक काल-परवा जोडलेले असतात, आणि त्यांचा जड हात रेकॉर्डवरून नांगरासारखा फिरतो. दिवाणखान्यात शोभेला ठेवा, रेकॉर्ड त्यावर लावू नका. विजेचा प्लेयर असेल तर त्याला ७८ ची वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची सुई चराच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखरच ऐकू येते. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

चावीच्या यंत्राची पोलादी सुई दिवसांवर मोजत नाहीत. एक सुई, एक बाजू. रेकॉर्ड उलटली की सुई बदला.